म्हस्के काकांची पणश्रद्धा

परदेशी पाहुणा गाडीतून उतरला की इतर गाइड त्याला पाण्याची बाटली देतात, नाव विचारतात, देश विचारतात. आमचे म्हस्के काका विचारतात, "तुमच्या भाषेत अंधश्रद्धेला काय म्हणतात?"

पाहुणा दोन विमानं बदलून आलेला असतो. त्याला आधी बाथरूम हवं असतं. तरी तो बिचारा आठवून शब्द सांगतो. काका तो शब्द तोंडात बोर घोळवावं तसा दोनदा घोळवतात आणि म्हणतात, "आता याची फोड करा."

माझं आणि काकांचं नातं दुहेरी आहे. ज्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात मी बुकिंगच्या मेल लिहिते, तिथले ते सगळ्यात जुने गाइड. आणि पडेगावच्या आमच्या नव्या सोसायटीत समोरचं दार त्यांचं. त्यामुळे ऑफिस सुटलं तरी सुटका नाही. मला ही नोकरी मिळाली ती इंग्रजी माध्यमामुळे. मी इंग्रजी बिनचूक लिहिते. कुणाशी बोलायची वेळ आली की मात्र मला अचानक तहान लागते आणि मी उठून माठाकडे जाते. फोन वाजला तरी तेच. ऑफिसातला माठ माझ्यामुळे रिकामा होतो असं सगळे म्हणतात, आणि दुष्काळात हा आरोप साधा नाही.

पहिल्या दिवशीच काकांनी मला माठापाशी गाठलं. "कॉन्व्हेंट, अंधश्रद्धा म्हंजे काय, सांग."

माझी शाळा कॉन्व्हेंट नव्हती, पण ते सांगायला बोलावं लागलं असतं. शिवाय माझं मराठी म्हणजे ऐकून ऐकून गोळा केलेलं. दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी म्हणून एक काळोखी भुयारी वाट आहे. हा शब्द तिथूनच आला असावा अशी माझी लहानपणापासून समजूत होती. मी म्हणाले, "अंधारात ठेवलेली श्रद्धा."

काका इतके हसले की बाहेरचा ड्रायव्हर आत बघायला आला. मग डोळे पुसून म्हणाले, "चूक हाय. पण लई चांगली चूक हाय." तेव्हापासून त्यांनी मला शिष्य केलं. मला कुणी विचारलं नाही, आणि नाही म्हणायला मी तरी कुठे तोंड उघडते?

शिष्याने ऐकायचं असतं. म्हणून मला आता जर्मन येत नाही, पण जर्मन अंधश्रद्धा येते. ती 'आबरग्लाउबे'. ग्लाउबे म्हणजे श्रद्धा आणि आबर म्हणजे 'पण'. काका याचं भाषांतर 'पणश्रद्धा' असं करतात. "म्हंजे बघ, माझा विश्वास नाय, पण. मांजर आडवं गेलं तर काय व्हतंय? काय नाय. पण." एका जर्मन बाईंनी त्यांना समजावलं, की हा आबर तो आबर नव्हे, जुन्या भाषेत त्याचा अर्थ उलटी, चुकीची असा होता. काका नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा तो असंल. आमच्याकडं हाच चालतो."

डॅनिश लोकांची ओव्हरत्रो, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीची, वरकड श्रद्धा. डच लोकांची म्हणे बाजूची, जेवणात लोणचं असतं तशी. रशियनांची पोकळ. "बघ कॉन्व्हेंट, कुणी वरकड म्हटलं, कुणी बाजूची म्हटलं, कुणी पोकळ म्हटलं. आपण मात्र डायरेक डोळेच काढून घेतले. अंध! अरे, आंधळ्या माणसानं तुमचं काय घोडं मारलं?"

यावरून काका अंधश्रद्धेच्या बाजूचे आहेत असं वाटेल. मुळीच नाही. त्यांचे वाडवडील गावोगाव पूजा सांगत. काकांनी तरुणपणीच ते सोडून किल्ल्याची वाट धरली आणि मुहूर्त, दृष्ट, नवस या सगळ्यांशी उघड वैर मांडलं. आमच्या सोसायटीत तर त्यांना रोज नवं काम मिळे.

त्याचं कारण पाणी. पावसाने पाठ फिरवलेली, शहर पडेगावच्या माळावर पसरत चाललेलं, आणि आमच्या इमारतीपर्यंत पोचेल अशी पाइपलाइन कागदावर. सगळी भिस्त टँकरवर. पण टँकरचं नाव घेतलं की तो येत नाही, अशी सोसायटीची पक्की खात्री झाली होती. त्यामुळे बायका जिन्यात हळू आवाजात विचारत, "पाहुणे येणारेत का आज?" आईने कपडे भिजत घातले की टँकर हमखास चुकतो, म्हणून ती कपडे भिजवायची नाही. मी इंग्रजी माध्यमाची, मी असलं काही मानत नाही. मी फक्त गेटकडे बघायचे नाही. मी बघितलं की टँकर कोपऱ्यावरून वळून जातो, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे.

काकांना ते सहन झालं नाही. एका सकाळी ते गेटवर उभे राहून ओरडले, "टँकर! टँकर! टँकर! बघू कसा येत नाय ते! अरे टँकर हाय त्यो, वाघ नाय!"

त्या दिवशी टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काका "योगायोग, निव्वळ योगायोग" म्हणत जिने चढत होते आणि दारं त्यांच्या तोंडावर बंद होत होती. आमच्याकडून त्यांना एक बादली गेली, ती आईने रात्रीची उरलेली भाजी द्यावी तशा चेहऱ्याने दिली.

अशात शुभांगीताई माहेरी आली. काकांची एकुलती एक मुलगी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, आम्ही इथे राहायला यायच्या कितीतरी आधी. ताईला दिवस गेले होते. याआधी दोन वेळा आनंदाची बातमी आली होती आणि दोन्ही वेळा ती मागे घ्यावी लागली होती. या खेपेला डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, आणि जपायचं म्हणजे काय, हे ठरवायला सोसायटीत भरपूर माणसं मोकळी होती.

त्यातच सूर्यग्रहण आलं. आई दारात जाऊन म्हणाली, "भाऊजी, शुभीला सांगा हो, ग्रहणात काही चिरायचं नाही, कापायचं नाही. स्वस्थ पडून राहायचं."

काका जिन्यात येऊन उभे राहिले. सगळ्या मजल्यांना ऐकू जावं असं बोलायचं तर ते तिथे उभे राहतात. "वहिनी, चंद्र सूर्याच्या आड येतो, त्याचा माझ्या लेकीच्या भाजीशी काय संबंध? माझी शुभी त्या दिवशी जे पायजे ते चिरंल! भोपळा चिरंल! कुनी तिला अडवायचं नाय!"

आतून ताई म्हणाली, "बाबा, मला भोपळा आवडत नाही."

ग्रहणाच्या दिवशी आमच्याकडे एका इटालियन आजी-आजोबांचं बुकिंग होतं. त्यांना ग्रहण दौलताबादच्या किल्ल्यावरून बघायचं होतं. काळे चष्मे घेऊन ऑफिसने मला सोबत पाठवलं, कारण चष्मे वाटायला बोलावं लागत नाही.

किल्ल्याच्या दारात बॅगा तपासतात. काकांची कधी तपासत नाहीत. पण त्या दिवशी काकांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि ती खणखणली. पहारेकरी सय्यदभाईंनी सवयीने हात घातला. आधी सुरी निघाली. मग दुसरी सुरी. मग कात्री, नेलकटर, सालं काढायचं सोलणं, सुयांची डबी. मग किसणी. शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, घडीची विळी.

सय्यदभाई बघतच राहिले. "क्या म्हस्केसाब, किल्ला जीतने आये क्या?"

"धार लावायची हाय," काका म्हणाले.

"किसणी को बी?"

काकांनी किसणी परत पिशवीत कोंबली. सय्यदभाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा पिशवीकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "घर में बच्ची है क्या उम्मीद से?" काकांनी मान हलवली. "मेरी बहू बी सुबू से सीधी लेटी है," सय्यदभाई म्हणाले आणि पिशवी आपल्या खुर्चीखाली सरकवू लागले.

तेवढ्यात इटालियन आजी पुढे आल्या. त्यांच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून लाकडाला नाही, लोखंडाला हात लावतात. इतकं लोखंड एका जागी बघून त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी विळीला हात लावला, आजोबांनाही लावायला लावला. मीही लावला. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका कुटुंबाला ही इथली प्रथा वाटली. त्यांनीही लावला.

आम्ही थोडं वर जाऊन सावलीच्या कठड्यापाशी बसलो. काकांचा चेहरा उतरलेला होता. तरी सवय कुठे जाते? त्यांनी आजोबांना विचारलंच, "तुमच्या भाषेत अंधश्रद्धेला काय म्हणतात?"

"सुपरस्तित्सिओने," आजोबा म्हणाले. ते निवृत्त शिक्षक होते. त्यांना फोड करायला सांगावी लागली नाही. काकांना कळावं म्हणून ते सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलले. आमच्या कोशात याच्या अगदी शेजारी एक शब्द आहे, ते म्हणाले, सुपरस्तिते. म्हणजे मागे उरलेला, जिवंत राहिलेला. शब्द कुठून आला यावर पंडित भांडतात. पण जुन्या रोममध्ये एक म्हणणं असं होतं, की आपल्या माघारी आपली मुलं जगावीत म्हणून जे आईबाप दिवसदिवस प्रार्थना करत बसायचे, त्यांच्यावरून तो आला.

मी काकांकडे पाहिलं. आता ते शब्द घोळवतील, नवं मराठी नाव ठेवतील, म्हणून वाट पाहिली. त्यांनी तो एकदाही म्हटला नाही.

ऊन पिवळट पडू लागलं. आजी-आजोबा चष्मे लावून माना वर करून उभे राहिले. काका मला कठड्याच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले.

"कॉन्व्हेंट, कुनाला सांगू नको."

"नाही काका."

"मी मानत नाय. तुला म्हाईत हाय मी मानत नाय." ते खाली बघत होते. "शुभीची आई मानायची. शुभीच्या वेळंला ग्रहण लागलं, तर दिवसभर पडून व्हती. मी उशाशी बसून चेष्टा केली. तिचं काम मानायचं, माझं काम हसायचं. असं आमचं बरं चाललं व्हतं. आता हसणारा हाय, मानणारं मानूस नाय. लेकराची येळ हाय. कुनीतरी मानाय पायजे ना?"

मला तहान लागली. जवळपास माठ नव्हता.

"पोरीला मी सांगू कसं? जिन्यात एवढा वरडलो. म्हनून सगळं उचलून आनलं. तू फोन कर तिला. काय करतीय एवढंच बघ. मी सांगितलं म्हनू नको."

मी माझ्या मनाने कुणाला फोन करत नाही. त्या दिवशी केला. ताईने लगेच उचलला.

"अगं, बरं झालं केलास. आमच्या घरात चोरी झाली की काय कळेना. सुरी नाही, विळी नाही, किसणी नाही! भंगारवाल्याला दिली का काय बाबांनी? शेवटी तुमच्याकडे आले. तुझ्या आई देवासमोर डोळे मिटून जप करतायत, त्यांना हाक नाही मारली, हळूच विळी घेतली. काकडी कोचवतेय. मला केव्हाची कोशिंबीर खावीशी वाटतेय." मागून कचकच, कचकच आवाज येत होता, आणि त्याच्याही मागून आईचा जप.

किल्ल्यावर झाडून सगळी माणसं वर बघत होती. काका माझ्याकडे बघत होते.

खोटं बोलायचं तर मला इंग्रजी सोयीचं पडतं. त्यात ते खोटं वाटत नाही, नुसतं व्याकरण वाटतं. पण काकांचं इंग्रजी फक्त पाहुण्यांसाठी, आमच्याशी ते मराठीतच. मी फोन बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता मराठी बोलले.

"पडून आहे काका. हात पोटावर ठेवून, भिंतीकडे तोंड करून. काही खायलाही नको म्हणाली."

"आं? भिंतीकडं तोंड?" त्यांचा आवाज बारीक झाला. "तिची आई तशीच पडायची."

ते माझ्यापासून लांब जाऊन उभे राहिले. चष्मा त्यांच्या हातातच होता. ग्रहण त्यांनी पाहिलंच नाही.

शुभांगीताईला मुलगी झाली. ठणठणीत, आणि आवाज थेट आजोबांचा. बारशाच्या दिवशी काकांनी तिला हातात घेऊन जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "बघा! ग्रहणानं काय झालं? काय नाय! नाक जागेवर, कान जागेवर! आता तरी सुधारा!" सगळ्या मजल्यांनी माना हलवल्या. आईनेसुद्धा हलवली.

मग ते माझ्यापाशी आले आणि कानात म्हणाले, "आपुन हत्यारं काढून घेतली म्हनून. नायतर काय खरं नव्हतं."

ज्या गोष्टीसाठी काका जन्मभर भांडले, तिचा रोखठोक पुरावा फक्त माझ्यापाशी होता. भर ग्रहणात, धारदार विळीवर, वाडगाभर काकडी. मी एक वाक्य बोलले असते तर काका कायमचे जिंकले असते. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

बाळ झोपलं होतं. काका त्याच्याकडे बघत म्हणाले, "शुभीच्या आईनं बी हेच केलं असतं, नाय का?"

काकूंना मी कधी पाहिलंही नव्हतं.

"हेच केलं असतं," मी म्हणाले.