नेलपॉलिशची स्ट्रॉबेरी

"तू निश्चिंत जा. स्ट्रॉबेरीचं मी बघतो," एवढंच मी म्हणालो. माणसाने तोंडातून निघण्याआधी गिळून टाकावीत अशी काही वाक्यं असतात. त्यांतलं हे एक.

झालं असं, की मेहुणीचं ऑपरेशन ठरलं आणि नेमका तोडणीचा हंगाम. घरामागचा शेताचा तुकडा म्हणजे बायकोचं राज्य. गादीवाफे तिने घातले, रोपं तिने लावली, काळा कागद तिने अंथरला. माझं काम वाफ्याच्या कडेला उभं राहून "वा!" म्हणणं. (एकदा वाफ्यात उभा राहून म्हणालो होतो. तेव्हापासून कडेला.) यंदा पहिल्यांदाच बाजारातल्या बेकरीवाल्या बाईंनी तिच्याकडे फळं मागितली होती. आवडली तर दर आठवड्याला नेणार होत्या. बायको त्या आनंदात दोन दिवस गाणं गुणगुणत होती.

"अहो, सकाळच्या गारव्यात तोडायची. देठासकट. धुवायची नाहीत, दाबायची नाहीत," रिक्षात बसता बसता ती म्हणाली. "आणि तुम्हाला काही सुचलंच, तर..."

"तर?"

"करू नका. आईला विचारा."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडेच असतात. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्यात माझ्याबद्दलचा संशय.

दुसऱ्या दिवशी वाफ्यावर जाऊन बघतो, तर पाखरांची नुसती झुंबड! बरं, एक फळ धरून पुरतं खातील तर शपथ. प्रत्येकाला एकेक चोच मारायची आणि पुढे सरकायचं. (आमचे साहेब फायलींचं असंच करतात.) मी टाळ्या वाजवल्या. पाखरांनी कौतुक समजून मान डोलावली. मी चप्पल फेकली. ती सगळ्यांत टपोऱ्या फळांवर पडली.

आणि तेव्हा मला सुचलं. लाल खडे! स्ट्रॉबेरीएवढे खडे रंगवून वाफ्यात ठेवायचे. पाखरू येणार, चोच मारणार, चोच शेकणार, पुन्हा म्हणून फिरकणार नाही. घरात रंग नव्हता, पण बायकोच्या ड्रॉवरमध्ये नेलपॉलिशच्या बाटल्या होत्या. अख्खी दुपार मी खडे रंगवले. वर काडीने पिवळे ठिपके दिले. कला अंगात शिरली की माणूस थांबत नाही, मी काही अर्धवट पिकलेलेही केले.

युक्ती लागू पडली! पहिल्या पाखराने चोच मारली, डोकं झाडलं आणि बहुधा जाऊन सगळ्या नातेवाइकांना कळवलं. संध्याकाळी वाफ्यावर पाखरू नव्हतं. मी स्वतःवर इतका खूश झालो, की सकाळी उशिरापर्यंत झोपलो.

उठून पाहतो तो वाफे रिकामे आणि सासूबाई ओट्यावर बसून शांतपणे स्वेटर विणताहेत.

"आई, फळं?"

"तोडली. बेकरीची गाडी आली होती, दिली पाठवून. म्हटलं, तुमची झोप कशाला मोडा."

"सगळी? म्हणजे लाल दिसतील तेवढी सगळी?"

"मग काय हिरवी पाठवू?"

खरं सांगावं, तर नेलपॉलिशही सांगावं लागणार. मी तडक स्कूटरला लाथ मारली आणि बेकरी गाठली.

बेकरीत केक तयार होता. पांढऱ्याशुभ्र क्रीमवर लालचुटूक, चकचकीत स्ट्रॉबेऱ्या. त्यांतले खडे कुठले आणि फळं कुठली? मलाच कळेना, इतकी माझी कला अस्सल!

"कोणाचा हो हा केक?" मी विचारलं.

"दाताच्या डॉक्टरांचा," बाई अभिमानाने म्हणाल्या. "लग्नाचा वाढदिवस आहे. झाडून सगळे दातांचे डॉक्टर येणार आहेत."

तेवढ्यात भट्टीकडून हाक आली, म्हणून त्या आत गेल्या. मी हळूच एक फळ बोटाने दाबलं. मऊ. दुसरं दाबलं. मऊ. तिसरं जरा जोरात दाबलं, ते केकच्या तळाला गेलं. बाई परत आल्या तेव्हा माझे हात कोपरापर्यंत क्रीमने माखले होते.

"भाऊ, हे काय चाललंय?"

"तपासतोय."

"काय?"

"दगड आहेत का ते."

बाई एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांनी लाटणं उचललं. इतक्यात माझा फोन वाजला. सासूबाई.

"जावईबापू, न सांगता कुठे गेलात? तुमचे ते रंगवलेले खडे मी बादलीत काढून ठेवलेत. पुन्हा मांडायचेत का?"

"तुम्हाला कळलं?"

"अहो, मोतीबिंदू डोळ्यात आहे, बोटांत नाही."

मग काय, बाईंना सगळं सांगितलं. त्या हसता हसता मैद्याच्या पोत्यावर बसल्या. मग केकवर नजर गेली आणि हसू थांबलं. "संध्याकाळी न्यायला येणार आहेत ते. मला ताजी फळं हवीत. आत्ता."

भर उन्हात सासूबाई आणि मी पुन्हा वाफ्यात उतरलो. त्यांनी छत्री धरली. (स्ट्रॉबेरीवर. माझ्यावर नाही.) पानं बाजूला सारून दडलेली फळं शोधायची, देठाला नख लावायचं, फळाला बोट लावायचं नाही. मी वाकलो तो वाकलोच. पण टोपली भरली. बाईंनी चेपलेली फळं केकच्या थरांत घातली आणि नवी वर मांडली. डॉक्टर मंडळींना तो मधला थरच फार आवडला म्हणे. दर आठवड्याची मागणी पक्की झाली.

बायको परत आली. रिकाम्या बाटल्या पाहिल्या, बादलीतले खडे पाहिले, आणि जन्मभरासाठी माझी नेमणूक करून टाकली. आता रोज सकाळी जुनी टोपी घालून, हात पसरून, मी स्वतः वाफ्यात उभा राहतो. पाखरं येत नाहीत. मला वाटलं, चला, एक काम तरी जमलं.

परवा शेजारी नव्याने राहायला आलेल्या काकू कुंपणाशी थांबल्या. माझ्याकडे निरखून बघत बायकोला म्हणाल्या, "बुजगावणं झकास केलंत हो! अगदी जिवंत वाटतं. फक्त पोटात पेंढा जरा जास्त भरलाय."