काटा तपासा

आमच्या शेजारचे नाना संध्याकाळी फिरायला निघतात तेव्हा त्यांच्या पिशवीत एक किलोचं लोखंडी वजन असतं. क्रांती चौकातला भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं की आपणहून काटा पुसायला घेतो.

नाना वजनमापं निरीक्षक होते. वैजापूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांनी उभी हयात व्यापाऱ्यांचे काटे तपासले. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी विश्व हातात घेतलं.

"विश्व पसरतंय, अन् पसरायचा वेग वाढतोय," एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं. माझ्या डोक्यावर दळणाचा डबा. "शास्त्रज्ञ म्हणतात, कुठली तरी अदृश्य ऊर्जा ढकलतीय. कुणी पाहिली?"

"मी नाही," मी म्हणालो. मला घरातला रिमोटही सापडत नाही.

"व्यापारीबी असंच बोलायचे. वजन जुळंना की दोष गोणीचा! मी म्हणायचो, माल ऱ्हाऊ दे, काटा तपासा. गुरुत्वाकर्षण म्हणजे काटाच की, राव! पाच किलोला खरा अन् पन्नास किलोला खोटा, असे लई काटे धरलेत मी. जवळ बरोबर दाखवत असंल, लांबच्या अंतराला ओढ कमी पडत असंल. काही शास्त्रज्ञ माझ्या बाजूचे हायेत."

त्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक नसावं.

दसऱ्याच्या सुमारास नानांच्या मुलाचा, सुहासचा, कॅनडातून फोन आला. यंदाही दिवाळीला येणं जमत नाही. नानांच्या घरात आता ते एकटेच. धीर द्यायला मी सपत्नीक गेलो आणि म्हणालो, "लांब गेलं की ओढ कमी पडते, नाना. तुमचाच सिद्धांत."

नानांनी पिशवीतलं वजन काढलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही.

सुहासच्याच गावी आमची लेक असते आणि आम्ही तिच्याकडे निघालो होतो. प्रायश्चित्त म्हणून म्हटलं, "त्याच्यासाठी पाच किलो नेतो. जास्त मात्र नाही."

निघायच्या दिवशी गेलो, तर नाना घरच्या काट्याशी बसलेले. गरज नसताना दरवर्षी त्यावर ते सरकारी शिक्का मारून आणतात. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, ज्वारीचं पीठ, करंज्या. बरोबर पाच किलो. मग त्यांनी हळूच लोणच्याची बरणी ठेवली. मग चकल्यांचा डबा.

"नाना, सहा किलो चारशे झालं."

नानांनी काट्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर.

"काटा चुकलाय," ते म्हणाले.

मी घरी आलो आणि बॅगेतून माझा स्वेटर बाहेर काढला. कॅनडात थंडी असते म्हणतात.