पक्षी दिनाचं घरटं

पक्षी दिनाची सुट्टी शाळा सोडली तर कुणीच मनावर घेत नाही. दोन्ही मुलांची आई परिचारिका, तिला सकाळची पाळी होती. म्हणून बाबांनी रजा टाकली. बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते.

"टीव्ही लावून देऊ नकोस, म्हणजे मिळवली," आई चपला घालताना बाबांना म्हणाली.

"तू निर्धास्त जा. चारशे कामगारांचे हातपाय मी शाबूत ठेवतो."

"त्यातला एकही तीन वर्षांचा नाही," असं म्हणून ती गेली.

बाबांनी दिवसाचा आराखडाच केला होता. पहिला अर्धा तास पक्ष्यांची माहिती. ती चार मिनिटांत संपली, कारण कावळा, चिमणी आणि पोपट यांच्यापुढे त्यांची मजल जाईना. सहा वर्षांची मोठी जांभया देऊ लागली, धाकटा पडदा चोखू लागला. तेव्हा बाबांनी घाईघाईने घरटं करायला घेतलं. मळक्या कपड्यांची वेताची टोपली रिकामी केली, आत जुनी चादर कोंबली, अंडी म्हणून तीन बटाटे ठेवले आणि स्वतःच्या नाकावर पुठ्ठ्याची चोच बांधली.

"अंडी फुटत का नाहीत?" मोठीने विचारलं.

"ऊब द्यावी लागते."

"मग दे ना! मोठा पक्षी तूच आहेस."

कशावरही भार टाकण्याआधी ते तपासून घ्यावं, हे बाबा दर सोमवारी कामगारांना बजावत. आज मंगळवार होता. ते बसले. टोपली कुरकुरली, बूड तळाला टेकलं, गुडघे हनुवटीला भिडले आणि पाय हवेत गेले. मुलं टाळ्या पिटत नाचू लागली. बाबांनाही क्षणभर आपण फारच भारी बाप आहोत असं वाटलं. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

दुसरा केला. तिसऱ्या प्रयत्नात ते टोपलीसकट कलंडता कलंडता वाचले.

"बाळा, शेजारच्या काकूंना बोलाव बरं."

"पक्षी बोलत नाहीत," मोठी म्हणाली.

"अगं, मी खरंच अडकलोय!"

"चिवचिव कर. मगच कळेल मला."

बाबांनी चिवचिव केली.

"भूक लागलीय त्याला," मोठीने धाकट्याला अर्थ सांगितला. धाकट्याने हाताने कुस्करलेलं केळं बाबांच्या तोंडात घातलं. निम्मं चोचीत गेलं. बाबा आणखी जोरात चिवचिवले, तशी पक्ष्याला अंघोळ हवी आहे असं ठरलं आणि डोक्यावर मगभर पाणी आलं.

तेवढ्यात बेल वाजली. काकूच असाव्यात म्हणून बाबांचा जीव भांड्यात पडला. मोठीने कडी काढली. दारात कारखान्यातले फोरमन, हातात सहीचे कागद. हेल्मेट घातलं नाही म्हणून कालच बाबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं.

फोरमननी टोपलीकडे पाहिलं, चोचीकडे पाहिलं.

"साहेब, अपघात झालाय, की मुद्दाम बसलात?"

"आधी बाहेर काढा हो!"

फोरमननी टोपली आडवी केली, तिच्या कडेला पाय लावला आणि बाबांना काखेत धरून ओढलं. मुलांनी एकेक हात धरला. चर्रर्र आवाज झाला. बाबा बाहेर आले. पायजम्याचा बराचसा भाग टोपलीतच राहिला. चादर कमरेला गुंडाळून त्यांनी सही केली. उद्या कारखान्यात काय काय होईल, कोण कसं चिवचिवेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख दिसू लागलं.

"फोरमनसाहेब," ते खाली बघत म्हणाले, "हे तिकडे कुणाला..."

फोरमन उंबऱ्यात घुटमळले. मागे मुलं हसून हसून जमिनीवर लोळत होती.

"साहेब, माझी नात चार वर्षांची आहे," ते हळूच म्हणाले. "दर रविवारी येते आणि मला बघून आईच्या मागे लपते. चाळीस वर्षं यंत्रांवर ओरडण्यात गेली, पोरांशी खेळतात कसं ते कळतच नाही. तुम्ही... सुरुवात कशी करता?"

बाबांनी चादर सावरत मोठीकडे पाहिलं. तिला लगेच सुचलं.

"आधी खाली बसा," ती म्हणाली. "आता आ करा."

केळ्याने बरबटलेला हात पुढे करून धाकटा तयारच होता. जिन्यात कुणी नाही ना, हे फोरमननी एकदा वळून पाहिलं. मग आत येऊन दार लावलं, फरशीवर मांडी घातली, मिशा दोन बोटांनी बाजूला केल्या आणि आ केला.