पट्टा दोन बोटं लांब

बायकोच्या दुकानाला आपलाही थोडा हातभार लागावा, एवढंच माझ्या मनात होतं. (आजवर मी जे जे बुडवलं, त्याची सुरुवात अशीच झाली आहे.)

बायको डब्याच्या पिशव्या शिवते आणि एका ॲपवर विकते. एकाच, कारण दुसरं उरलेलं नाही. जी होती ती या ॲपवाल्या कंपनीनंच विकत घेतली. तिथे हिची पिशवी एकशेचाळिसाव्या पानावर. गिऱ्हाईक तिथवर पोचेपर्यंत डबा विटायचा! म्हणून मी सहकाऱ्याच्या नावानं ऑफिसात गुपचूप एक पिशवी मागवली आणि अभिप्राय ठोकून दिला. आता मी पडलो कारकून. पैकीच्या पैकी गुण दिले की साहेबाला संशय येतो, हे बावीस वर्षांत शिकलेलो. तेव्हा लिहिलं, 'शिलाई उत्तम. पट्टा दोन बोटं लांब.' पाचापैकी चार तारे.

दुसऱ्याच दिवशी दुकान बंद! विकणारा आणि घेणारा यांची बँकखाती एकाच पत्त्यावरची, म्हणजे लबाडी, असं कंपनीचं म्हणणं. मी तडक फोन लावला. पलीकडे गोड आवाजाचं यंत्र.

"तक्रार कुठे करायची?"

"आमच्याकडे."

"आणि तुमच्याविरुद्ध?"

"तीही आमच्याकडेच. आपला दिवस शुभ जावो."

मेहुण्यानं दुसरं एक ॲप शोधून दिलं. तिथे फोन केला, तर तोच गोड आवाज.

बायकोनं शिलाई मशीनवर चादर टाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्यानं ती मोबाइल घेऊन समोर उभी राहिली. पहिल्या पानावर पहिलीच पिशवी. तेच दोन कप्पे, चमच्यासाठी तोच उभा खिसा, किंमत निम्मी. विकणारी कंपनी स्वतः!

"सगळं माझंच उचललंय. पण पट्टा तेवढा आखूड का केला असेल हो?"

मी छताकडे बघितलं. मग सगळं कबूल केलं. (खरं सांगतो, आतून गुदगुल्याही होत होत्या. माझ्या शेऱ्यावर ऑफिसात कधी कुणी कार्यवाही केली नव्हती.)

"खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचा," ती म्हणाली.

'पट्टा फारच आखूड.' 'डबा काखेत येतो.' शंभरेक जणांचं हेच रडगाणं.

"पण मला तर लांब होत होता," मी पुटपुटलो.

आठवड्यात पहिल्यांदाच बायको हसली.

"अहो, पट्टा लांब नव्हता. तुम्ही बुटके आहात."