बिनशिवीचे गेनभाऊ

भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, एका धिप्पाड हमालाला "आरं ए दुधी भोपळ्या, तुझ्या दोडक्याचं पार भरीत झालं" असं ओरडून म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचं नाव गेनभाऊ. मंचरला कांदा-बटाट्याच्या एका अडत दुकानात ते लिलाव पुकारायचे आणि मी त्याच दुकानात बोल्या लिहून घ्यायचे. त्यांच्या तोंडी हा भाजीपाला आला तो माझ्यामुळे, तेव्हा हे सगळं सांगायचा अधिकारही माझाच.

मी अवसरी बुद्रुकची. बी. कॉम. झाले तेव्हा नव्वदचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं आणि घरात माझ्यासाठी स्थळ आणि नोकरी, दोन्हींचा शोध एकदमच चालू होता. वडील म्हणाले, जे आधी मिळेल ते. नोकरी आधी मिळाली. दुकानाचे मालक मदनशेठ मूळ राजस्थानातल्या जैन घराण्यातले, पण पणजोबांपासून मंचरात राहिल्यामुळे बोलणं आमच्यासारखंच. फार सभ्य माणूस. ते म्हणाले, "पोरी, आपल्या गाळ्यावर आजवर बाईमाणसानं बोली लिहिलेली नाय. दिवाळीपर्यंत बघू. धंद्याला अडचण आली तर मात्र माझ्यावर राग धरू नको."

म्हणजे दिवाळीपर्यंत टिकले तर टिकले, नाहीतर नारायणगावचं एक स्थळ टपून बसलं होतंच. मुलगा चांगला होता म्हणे. असेल. मला तो नको होता, मला नोकरी हवी होती. रोज सकाळी मंचरच्या स्टँडवर एसटीतून उतरताना मी दिवाळीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायचे.

त्या धास्तीला मोठा हातभार गेनभाऊंचा. माणूस अंगानं काटकुळा, डोक्यावर टोपी, आणि आवाज असा की हायवेवरच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवायचा नाद सोडावा. एका शेतकऱ्याच्या मालाच्या ढिगाला आमच्याकडे वक्कल म्हणतात. गेनभाऊ वक्कलाला एक पाय लावून उभे राहायचे आणि पुकारा सुरू करायचे. भाव, शिवी, भाव, शिवी, अशी त्यांची चाल होती. शिवीत राग नसायचा. ती त्यांची श्वास घ्यायची जागा होती. ज्या व्यापाऱ्याला ती मिळायची नाही, त्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटायचं.

मी पहिल्या दिवशी गाळ्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि गेनभाऊंनी आरोळी ठोकली, "बाईमाणूस हाय. तोंडं सांभाळा." हमाल, मापाडी, शेतकरी, व्यापारी, सगळे एकदम गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले. तोवर माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. गेनभाऊंना वाटलं, आपण माझा मान राखला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा राखला. तिसऱ्या दिवशी मी मागच्या बाजूनं आले, तर तिकडूनही राखला.

त्यात लिलाव बसायला लागला. "साठ, एकसष्ट" म्हणून झालं की गेनभाऊंचा जबडा सवयीनं उघडायचा, मग मी आठवायचे, आणि तो मिटायचा. त्या मिटण्यात सगळी रंगत जायची. व्यापारी घड्याळात बघायचे, शेठ गादीवर बसून गुडघा हलवायचे. शेठचा गुडघा हलला की माझा जीव खालीवर व्हायचा.

मग गेनभाऊ परवानग्या मागायला लागले.

"ताई, 'आयला' चाललं का?"

"चालेल."

"आन् 'च्यायला'?"

"तेही चालेल."

"आन् त्याच्या फुडचं?"

"त्याच्या पुढचं मला माहीत नाही, गेनभाऊ."

"मंग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून ते विचारात पडले, आणि दुसऱ्या दिवशी भाजीबाजार घेऊन आले. दोडका, पडवळ, दुधी, घोसाळं. एकदोन भाज्यांपाशी ते स्वतःच अडखळले आणि त्या त्यांनी आपण होऊन रद्द केल्या. लिलाव पुन्हा चालू लागला, पण आधीचा जोर नव्हता. पडवळ म्हणून कितीसा जोर येणार?

त्यांच्या आदराचे आणखीही प्रकार होते. ते माझ्याशी थेट बोलत नसत. गाळ्याच्या मधल्या खांबाकडे तोंड करून म्हणायचे, "ताईस्नी सांगा, च्या आलाय." खांब काही सांगायचा नाही, पण मला ऐकू जायचं. पुढे हमालसुद्धा येता-जाता त्या खांबाला "ताई, नमस्कार" म्हणायला लागले. आणि एक दिवस येऊन बघते तो माझ्या टेबलाभोवती बटाट्याच्या पिशव्यांची माणूसभर उंच थप्पी. "कुणाची नदर नको," गेनभाऊंनी खांबाला सांगितलं. मी आत बसले. मला कुणी दिसेना आणि कुणाला मी. चहाचा कप वरून यायचा.

त्या थप्पीनंच माझा घात केला. गेनभाऊंनी पुकारलं सदुसष्ट, मला पिशव्यांतून ऐकू आलं सत्तावन्न. तेच मी लिहिलं. शेतकरी विक्रीची पट्टी हातात धरून तरातरा परत आला आणि त्यानं शेठसमोर आवाज चढवला. त्याचं बरोबरच होतं. चूक लगेच दुरुस्त झाली, शेठनी त्याला हात जोडले, मग मला बोलावून इतकंच म्हणाले, "पोरी, शनवारपर्यंत बघू." दिवाळी अशी एका वाक्यात शनिवारवर आली.

मी आधी रडले, मग मला संताप आला. थप्पीतून बाहेर आले आणि गेनभाऊंपुढे जाऊन उभी राहिले. ते सवयीनं खांबाकडे वळले.

"खांबाशी नाही, माझ्याशी बोला."

ते माझ्या चपलांकडे बघायला लागले. तिथवर आले हेही खूप झालं.

"ही थप्पी काढा. उद्यापासून मी वक्कलापाशी उभी राहून लिहिणार."

"ताई, थितं लई वंगाळ बोलत्यात."

"कांद्याला बोलतात. मला कुणी बोललं तर माझं मी बघीन."

"आन् मी काय करू मंग?" त्यांनी इतकं मनापासून विचारलं की माझा राग निम्मा गळाला. या माणसाला खरंच माहीत नव्हतं.

"मी आले की ओरडू नका. भाव माझ्याकडे बघून सांगा. माझं चुकलं तर मला सांगा, शेठना नको आणि खांबालाही नको. बाकी तुम्ही रोज बोलता तसं बोला."

गेनभाऊंनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "येवढंच?"

"एवढंच."

"हे लई अवघाड हाय, ताई," ते म्हणाले.

पण पिशव्या त्यांनी स्वतः हलवल्या. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा त्यांनी आरोळीसाठी छाती भरून घेतली होती, ती त्यांनी खोकून सोडून दिली. मी वक्कलापाशी उभी राहिले. प्रत्येक भाव ते माझ्याकडे बघून सांगत होते, आणि त्याचं त्यांना इतकं ओझं होत होतं की डोळ्यांत पाणी आलं. दुपारी तर त्यांनी चक्क मला फटकारलं, "ताई, ह्यो सात हाय का येक? आकडा नीट काढा." बोलून झाल्यावर ते स्वतःच पांढरे पडले. मला मात्र आनंद झाला. त्या बाजारात त्या दिवशी मी पहिल्यांदा कामावर होते.

शुक्रवारी बाहेरगावचा एक नवा व्यापारी आला होता. गॉगलवाला. बोली त्याच्यावर सुटली तेव्हा मी रीतीप्रमाणे विचारलं, "नाव?"

तो म्हणाला, "नुसतं नाव कशाला? घरचा पत्ता बी घ्या की लिहून. येताजाता चहाला येत चला."

दहा-बारा जण हसले. मी पेन कागदावर टेकवून तशीच उभी राहिले. शेठचा गुडघा थांबला होता. ते बघत होते, आणि मला कळत होतं की माझा शनिवार आत्ता, इथंच ठरतोय.

गेनभाऊंचं तोंड उघडलं. सगळा बाजार वाट बघत होता. जुने दिवस असते तर त्या माणसाच्या सात पिढ्या तिथं वक्कलावर मांडल्या गेल्या असत्या. मलाही क्षणभर वाटलं, होऊन जाऊ दे. पण मग मी घरी जाणार हे नक्की होतं. भांडण लागलं की आधी बाईला घरी पाठवतात.

गेनभाऊंनी तोंड मिटलं. वक्कलावरचा पाय खाली घेतला आणि ते एक पाऊल मागं सरले. "पावणं," ते साध्या आवाजात म्हणाले, आणि त्यांचा साधा आवाज तिथं कुणी कधी ऐकलेला नव्हता. "बोली लिवणार ह्या. ह्यांनी लिवली तर माल तुमचा, न्हाई लिवली तर दुसऱ्याचा. ह्यांच्याशी बोला. मी मदी न्हाई."

आता सगळे माझ्याकडे बघत होते, पहिल्या दिवसासारखेच. पण आता मला काहीतरी करायचं होतं. मी म्हटलं, "नाव सांगताय की मागच्या बोलीवाल्याला देऊ?" मागच्या बोलीवाल्यानं तेवढ्यात बोट वर केलंच होतं.

गॉगलवाल्यानं इकडंतिकडं बघितलं. हसणारे आता हसत नव्हते. "लिहा, ताई," म्हणून त्यानं नाव सांगितलं, आणि मी ते लिहिलं. सगळ्या आकड्यांसकट, नीट.

"चला, फुडचं वक्कल," गेनभाऊ ओरडले, "काय पडवळावानी हुबं ऱ्हायलाय?"

शनिवारी शेठनी मला बोलावलंच नाही. मी संध्याकाळपर्यंत जीव मुठीत धरून बसले आणि शेवटी स्वतःच गेले. ते मान वर न करता म्हणाले, "सोमवारी लवकर ये. माल लई येणाराय." मी वही मिटून बाहेर आले.

गाळ्याबाहेर गेनभाऊ उभे होते. तोंड धुतलेलं, अंगात धुवट सदरा, हातात पिशवी. माझीच वाट बघत होते.

"ताई, येक इचारू? ह्या आठवड्यात माझ्या तोंडनं तुमच्याफुडं काय वंगाळ गेलं का?"

"नाही, गेनभाऊ."

"इसरून बी न्हाई?"

"विसरूनही नाही."

त्यांनी श्वास सोडला. "मंग येडगावला जातो. आमची मंडळी थितं असती, तिच्या भावाकडं."

गेनभाऊंचं लग्न झालेलं आहे हे मला माहीतच नव्हतं. बाजारात कुणालाच माहीत नसावं, किंवा सगळे विसरले असावेत.

"लई वरसं झाली," ते माझ्याकडे बघून सांगत होते. "माझ्या तोंडाला कटाळून गेली. मी रागानं न्हाई बोलत वो, तोंडच तसलं. जाताना म्हनली, शिवी न देता माझ्याशी चार वाक्यं बोलता आली की या. मला जमंल असं कंदी वाटलंच न्हाई." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चार वाक्यं जुळवलीत. ऐकता का? तुमी बाईमाणूस, तुमाला कळंल."

मी मान डोलावली. गेनभाऊंनी पिशवी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि ताठ उभे राहिले.

"कशी हायेस. घरावर नवा पत्रा घातलाय. माझं चुकलं." इथं ते पुन्हा माझ्या चपलांकडे बघायला लागले. "चल म्हनत न्हाई, तुला वाटलं तरच ये."

मग मी म्हटलं, "गेनभाऊ, ते चौथं वाक्य आधी म्हणा."

ते विचारात पडले. ओठातल्या ओठात त्यांनी वाक्यं खालीवर करून पाहिली, मान हलवली, पिशवी उचलली आणि तसेच पुटपुटत एसटी स्टँडकडे चालू लागले.