झाडांचा मुराळी

आमच्या डिंगोऱ्यातले किसननाना झाडांना माहेरपणाला नेतात. चेष्टा करत नाही. श्रावण लागला की अंगणातली एक कुंडी उचलायची, मांडीवर घेऊन एसटीत बसायचं आणि जिथून तिची फांदी आणली त्या बागेत तिच्या आईशेजारी नेऊन ठेवायची. दुपारभर मायलेकींची भेट झाली की परत सासरी. सासर म्हणजे नानांचं अंगण.

'फांदी आणली' हे मी सभ्यपणे लिहिलं. नाना ती चोरतात. जुन्नर, मंचर, पुणे, एकाही बागेला त्यांनी सोडलेलं नाही. "मागून आनलेलं रोप रुसतं, चोरून आनलेलं बसतं," हा त्यांचा सिद्धांत. मी पडले सार्वजनिक मालमत्तेवर पत्रकं काढणारी. बागेतलं बाकडं मोडलं तरी निवेदन घेऊन धावते. हे दरोडे आहेत, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, "बाग लोकांची, आसं तूच छापलंयस ना पोरी? मंग मी लोक न्हाई व्हय?"

माझ्याच पत्रकानं माझं तोंड बंद करणारा हा पहिला माणूस.

झाडांची नावं त्यांना येत नाहीत. गावावरून हाका मारतात. मंचरवाली, नारायणगावची थोरली, पुणेकरीण. ही पुणेकरीण म्हणजे रंगीत पानांचा एक क्रोटन. तिच्याबद्दल नाना आदरानं तक्रार करतात, की तोरा लई, दुपारी पाणी घातलेलं खपत नाही. शेतातल्या टोमॅटोशी मात्र ते दोन शब्द बोलत नाहीत. त्याला बाजारात जायचंय, त्याला माया लावून काय करायचं, म्हणतात.

गेल्या श्रावणात मी पुण्याला निघाले होते. तिथल्या एका मोठ्या बागेचं तिकीट वाढवलं होतं. लोकांच्या पैशानं लावलेली झाडं लोकांनीच तिकीट काढून बघायची, यासारखा निर्लज्जपणा नाही. निवेदन तयार होतं. स्टँडवर बघते तर नाना, मांडीवर पुणेकरीण. त्याच बागेत निघालेले. म्हटलं, बरोबरच जाऊ. त्यांचा चेहरा पडला. तू कशाला, तुझं काम वेगळं, माझं वेगळं, असं बरंच पुटपुटले. मी त्यांच्या शेजारीच बसले. चळवळीतल्या माणसाला नको म्हटलेलं ऐकू येत नाही.

कंडक्टर कुंडीचं लगेज मागू लागला. नाना म्हणाले, "बायामानसांना अर्धं तिकीट हाय ना? मंग हिचं अर्धं फाड."

"आधार कार्ड दाखवा तिचं," कंडक्टर म्हणाला. पुढं राजगुरुनगरपर्यंत गाडी हसत होती.

बागेत शिरलो तेव्हा फाटकावरचा वॉचमन चहाला गेला होता, त्यामुळं कुंडी आत जाताना कुणी पाहिली नाही. नानांनी ती क्रोटनच्या मोठ्या ताटव्यापाशी टेकवली, पानं सारखी केली आणि लांबच्या बाकावर जाऊन बसले. मग मला म्हणाले, जा, तुझं निवेदन दे. कचेरी जेवायला गेली होती. तसं सांगून मी बाकावर बसले आणि त्यांना तिकीटवाढीमागचं राजकारण समजावू लागले. त्यांचं लक्ष नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच, जा की. नजर सारखी पायवाटेवर. मला वाटलं, चोराला वॉचमनची भीती.

दुपार कलली तसे ते उठले. "चला. आज काय न्हाई," म्हणाले आणि कुंडी उचलली.

फाटकावर वॉचमननं अडवलं. आत तसाच क्रोटन, हातात तसाच क्रोटन. नाना म्हणाले, ही मीच आणली होती. वॉचमन म्हणाला, "आजोबा, बागेत घरची कुंडी घेऊन कोण येतं?" प्रश्न रास्त होता. आयुष्यभर चोऱ्या पचवलेला माणूस स्वतःच्याच कुंडीपायी पकडला गेला होता. मी नागरिकांच्या हक्कांवर सुरू झाले. चार माणसं जमली. वॉचमन आणखी चिडला. मोबाइल काढून म्हणाला, फोटो काढून इथंच बोर्डावर लावतो, पुन्हा आत पाऊल टाकता येणार नाही.

नानांनी कुंडी त्याच्या पायाशी ठेवली.

"ही तुमालाच ठिवा, भाऊ. फोटू नका लावू. मला आत येऊ देत जावा."

मी ओरडलेच, की नाना, तुमची कुंडी आहे, तुमची चूक नाही, माघार का घेता? ते माझ्याकडं बघेनात. हात जोडून उभे.

"सोडा त्यांना. वडील आहेत माझे."

गर्दीतून एक बाई पुढं आली. मी ओळखलं. सुरेखा, नानांची लेक. शाळेत माझ्या पुढं होती. परजातीत लग्न केलं, तेव्हा नानांनी देवळासमोर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की मला लेक नाही. सांगावंच लागलं. आमच्याकडं बिबट्या पकडायला वनखात्याला पिंजरा लावावा लागतो, लेक हाकलायला भावकीची एक बैठक पुरते. ती ठरल्याप्रमाणं मघाशीच आली असणार. बाकावर गावचं माणूस दिसलं आणि झाडामागं थांबून राहिली. ते गावचं माणूस म्हणजे मी.

वॉचमननं मोबाइल खिशात टाकला. आम्ही भिंतीकडेला सरकलो. नाना सुरेखाकडं न बघता माझ्याकडं बघत होते, मी आता कुठं काय बोलेन या धास्तीनं.

सुरेखानं मात्र मलाच विचारलं, "आई कशी आहे? नाना दर वेळी बरं हाय म्हणतात. तू खरं सांग."

मला गोड बोलता येत नाही. सांगितलं, की काकींना आता ओटा उतरवत नाही, आणि संध्याकाळी वेशीकडं तोंड करून बसतात.

नाना मान खाली घालून म्हणाले, "घरी चल म्हनायची हिंमत व्हत न्हाई गं मला."

"मी कधी म्हटलं, न्या म्हणून?" सुरेखानं त्यांची तिरकी झालेली टोपी सरळ केली. "जेवलात का?"

"न्हाई."

तिनं पिशवीतून डबा काढला आणि तिथंच, भिंतीच्या कठड्यावर, उघडला.