किसनकाकांची मरणाची तालीम

आमच्या शिरपुरात किसनकाका दर वर्षी मरायचे. ज्वारीची रास घरात आली की ओसरी सारवून घ्यायची, घोंगडं अंथरायचं आणि काकांनी त्यावर आडवं व्हायचं. भोवती दोन मुलगे, सुना आणि साक्षीला शेजारचा मी.

"आता समजा, मी चाललो," काका डोळे मिटून सांगत. "मले वाशीमच्या दवाखान्यात नेऊ नोका. खाटीवर ठेवू नोका. अन् रडाचं ते हळू, गुरं बुजतात."

प्रकृती म्हणाल तर ठणठणीत. थोरली सून चुलीपासून हाक मारायची, "मामाजी, भाकर थंडी होऊन राह्यली. मरून झालं असन तं उठा." मग हा मेलेला माणूस उठून ठेच्याशी दोन भाकरी खायचा, वर ताक प्यायचा.

मरताना डोकं कुठल्या दिशेला हवं यावरून भटजींनी त्यांना परोपरीनं समजावलं. काका ऐकतील तर शपथ. "मले दिशा नोको, दार दिसलं पायजे." दारासमोरून केनवडचा गाडीरस्ता जायचा.

शेवटचं पाणी मात्र ते कोणाच्याच हातून घेत नसत. थोरला तुळशीचं पान घालून वाटी पुढे करी, की काका ओठ घट्ट मिटत. "ते राहू दे." थोरला हिरमुसायचा आणि धाकट्याला वाटायचं, आपली पाळी येणार.

ते पाणी सरजाचं होतं, केनवडला दिलेल्या लेकीचं. काकू आजारी पडल्या तेव्हा "बरी होईन ते, पोरीले काहून घोर लावता?" म्हणत काकांनी निरोपाची गाडी अडवली. सरजा पोचली तेव्हा आईची राख सावडून झाली होती. ती उंबऱ्यावरूनच परतली आणि पुन्हा माहेरी आली नाही. तालमीत हसता हसता मला हे आठवायचं.

त्या वर्षी भाकरीची हाक आली तरी काका उठले नाहीत. म्हणाले, "गाडी जुंपा. केनवडले सांगावा धाडा."

थोरला गोंधळला. "बा, तुमी तं चांगले ठनठनीत."

"म्हनूनच. मरतानी पानी कोनीबी पाजन. मले तिच्यासंगं बोलाचं हाये."

मीच बैल जुंपले. निघताना विचारलं, "काका, सरजाले काय सांगू? बाप लय बिमार हाये म्हनू?"

काका दाराकडे तोंड करून उठून बसले.

"नाई. खोटं नोको सांगू. सांग, बाप बरा हाये. तोवरच ये म्हना."